सांदोम्येशला एकच दिवस असेल, तर आधी माती बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर घोळ नको. जुलैमध्ये तुम्ही, अडुसष्ट वर्षांची आई आणि सहावीतला मुलगा असे तिघं पोलंडमध्ये क्राकूफला येताय. त्यातला एक दिवस सांदोम्येशसाठी ठेवलाय, गावात हाताशी पाच-सहा तास. कुणीतरी ‘दहा प्रेक्षणीय स्थळां’ची यादी दिली आहे, ती निम्मी कशी करायची, असं तुम्ही विचारताय. वर तीन शंका आहेत. वॉर्सासारखं हे गावही दुसऱ्या महायुद्धानंतर नव्यानं बांधलेलं तर नाही ना? भुयारात तातारांची अख्खी फौज गाडली गेली ही गोष्ट खरी का? आणि युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेले पोलिश लोक या भागातलेच का, म्हणजे आईला ते दाखवता येईल.

मी मूळची सांगलीची. बारा वर्षं क्राकूफमध्ये राहून गट फिरवते, आणि सांदोम्येशला दर हंगामात पंधरा-वीस खेपा होतात. (गावाचं नाव पोलिश स्पेलिंग बघून ‘सँडोमिएर्झ’ म्हणालात तर बसवाला नुसता बघत राहील. शेवटी ‘श’ म्हणा, आणि जोर मधल्या ‘दो’वर द्या.)

खरं सांगायचं तर यादी निम्मी करायची गरजच नाही. गाव एवढंसं आहे की उत्तरेच्या वेशीपासून किल्ल्यापर्यंत आईसुद्धा रमतगमत वीस मिनिटांत पोहोचतील. अडचण वेगळीच आहे. सगळं सारखंच ‘जुनं’ दिसतं. लाल वीट, पांढरा चुना, एक मनोरा, परत लाल वीट. चौथ्या ठिकाणी पोरं आइस्क्रीम शोधायला लागतात आणि मोठी माणसं बाक. माझ्या पहिल्या दोन वर्षांत माझेही गट असेच कंटाळायचे. मग एक गोष्ट ध्यानात आली: मी त्यांना बस जिथे सोडते तिथून सुरुवात करून फिरवत होते, आणि गाव वाढलं त्याच्या बरोबर उलट्या दिशेनं ते घडत होतं. क्रम फिरवला आणि तेच गाव गोष्टीसारखं उलगडायला लागलं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून. पाऊस असेल तर घळीचा बेत सोडा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तेव्हा आत फिरता येत नाही, म्हणून रविवार असेल तर चर्च दुपारनंतर. पोलंडमध्ये पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तिकडे जाण्याआधी वेळा बघून घ्या. आणि आईचे गुडघे किती साथ देतात ते तुम्हालाच ठाऊक. रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत आणि गाव टेकड्यांवर आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांसारखी चढण नाही, पण सपाट असं काही समजू नका. आगगाडीनं आलात तर स्टेशन नदीपलीकडे आहे, तिथून टॅक्सी करा. बसनं आलात तरीही मी म्हणेन, टॅक्सी करा आणि थेट सेंट जेम्सच्या चर्चपाशी उतरा. का ते सांगते.

आधी ती माती. सांदोम्येश व्हिस्वा नदीच्या डाव्या काठावर, लोएसच्या टेकड्यांवर वसलंय. लोएस म्हणजे हिमयुगात वाऱ्यानं उडवून आणून साठवलेली धूळ. रंगानं फिकट पिवळसर, हातात घेऊन चोळली तर ज्वारीच्या पिठासारखी बोटांवर राहते. हिची गंमत अशी की कोरडी असेपर्यंत ती भिंतीसारखी उभी राहते. कुदळीनं कापा, कड सरळ सुटते, कोसळत नाही. पाणी लागलं की मात्र बिस्किटासारखी विरघळते. या एका स्वभावातून गावाचं निम्मं नशीब ठरलं. जमीन सुपीक, म्हणून गहू भरपूर आणि आज सफरचंदाच्या बागा. गहू नदीतून ग्दान्स्कच्या बंदराकडे जायचा, म्हणून व्यापाऱ्यांकडे पैसा. माती खणायला सोपी, म्हणून घराखाली तळघरं. आणि पाणी लागलं की ढासळते, म्हणून विसाव्या शतकात गाव खचायला लागलं. त्याकडे पुढे येते.

टेकडीचा आणखी एक फायदा बघायचा असेल तर २०१० चा मे आठवा. व्हिस्वाला महापूर आला, बांध फुटला आणि उजव्या काठावरचा गावाचा नवा, सखल भाग पाण्याखाली गेला. जुनं गाव वर कोरडं. आपण कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता सेंट जेम्स, म्हणजे इथल्या भाषेत श्वेंती याकुब. यादीत हे नेहमी सातव्या-आठव्या क्रमांकावर असतं, कारण चौकापासून थोडं बाजूला पडतं. मी इथूनच सुरुवात करते. चर्चसमोरच्या रस्त्याचं नाव ‘स्तारोम्येस्का’, म्हणजे ‘जुन्या गावाचा रस्ता’. आता हा रस्ता तर आजच्या जुन्या गावापासून लांब जातो! नावात उत्तर आहे: आधीचं गाव इकडे होतं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला पोलंडच्या पहिल्या बखरकारानं क्राकूफ आणि व्रोत्सवाफ यांच्या जोडीला सांदोम्येशचं नाव राज्याच्या मुख्य ठाण्यांत घेतलंय. ११३८ मध्ये राजपुत्र बोलेस्वाफ तिसरा वारला, त्यानं मुलांत राज्य वाटून दिलं होतं आणि सांदोम्येश एका स्वतंत्र वाट्याची राजधानी झालं. १२२६ मध्ये डॉमिनिकन साधू आले आणि त्यांनी हे चर्च विटेत बांधायला घेतलं. त्या काळात इथे मोठं काम म्हणजे दगड. त्यामुळे पोलंडमधल्या सुरुवातीच्या विटांच्या चर्चमध्ये याची गणना होते.

उत्तरेकडचा दरवाजा शांतपणे बघा. नक्षी कोरलेली नाही, साच्यात काढून भाजलेली आहे. दोरखंडासारखे पीळ, पानं, भौमितिक पट्टे, सगळी भाजलेली माती. दगडाच्या कारागिराचे घाट कुंभाराच्या हातांनी उतरवलेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इमारतीची मोठी दुरुस्ती झाली, त्यामुळे प्रत्येक वीट तेराव्या शतकातली असं मी कुणाला सांगत नाही. पण घाट, जागा आणि बहुतांश भिंत तीच.

इथेच ती १२६० ची गोष्ट सांगते, कारण ती इथलीच आहे. मंगोल फौज (पोलिश माणूस तातार म्हणतो) १२४१ मध्ये एकदा येऊन गेली होती. १२५९–६० च्या हिवाळ्यात परत आली. किल्ला पडला आणि गावात मोठी कत्तल झाली. आख्यायिका अशी की आदल्या रात्री साधू जेवणानंतर नेहमीप्रमाणे हुतात्म्यांची पोथी वाचत होते, दुसऱ्या दिवशी कोणाकोणाचं स्मरण करायचं त्याची. वाचणाऱ्या तरुण साधूला पानावर सोन्याच्या अक्षरांत ओळ दिसली: सांदोम्येश येथे एकोणपन्नास जणांचं हौतात्म्य. त्यांचा प्रमुख सादोक यानं ओळ वाचली आणि सगळ्यांना रात्रभर प्रार्थनेला बसवलं. सकाळी तातार आत शिरले. कॅथलिक चर्चनं या एकोणपन्नास जणांना १८०७ मध्ये ‘धन्य’ घोषित केलं. सोन्याच्या अक्षरांचं सोडा. पण या कत्तलीनंतर गावानं जागा बदलली, आणि तुम्हाला बाकीचं गाव समजायला तेवढं पुरे. १२८६ मध्ये राजपुत्र लेशेक चार्नी यानं माग्देबुर्ग कायद्यानुसार (जर्मन शहरांकडून घेतलेला, गावाला स्वतःचा कारभार देणारा कायदा) गावाला नवी सनद दिली आणि शेजारच्या टेकडीवर आखीव चौक, आखीव रस्ते असं नवं गाव मांडलं गेलं. आज सगळे ज्याला ‘जुनं गाव’ म्हणतात ते हे, म्हणजे दुसरं गाव.

चर्चशेजारच्या उतारावर द्राक्षांचा मळा आहे, तो फोटोपुरता. पाऊस नसेल आणि मुलाला पाय मोकळे करायचे असतील तर जवळच राणी यादविगाची घळ आहे. साधारण अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूंना लोएसच्या उभ्या भिंती आणि त्यांतून बाहेर लोंबणारी झाडांची मुळं. ती माती बोटांनी चोळून बघायची जागा हीच. एकदा पावसाच्या दुसऱ्याच दिवशी मी गटाला आत नेलं, पुण्याच्या एक काकू चपलेवर होत्या, आणि पुढचा तास आम्ही त्यांची साडी धुण्यात घालवला. तेव्हापासून ओलं असेल तर मी घळ वगळते.

तिथून खाली-वर करत किल्ला. बाहेरून निराशा होईल, आधीच सांगते. थोरल्या काझिमिएश राजानं चौदाव्या शतकात बांधलेला, सोळाव्या शतकात राजवाड्यासारखा वाढवलेला हा किल्ला १६५६ मध्ये माघार घेणाऱ्या स्वीडिश सैन्यानं सुरुंग लावून उडवला. उरली मुख्यतः पश्चिमेची बाजू. पुढे तिथे तुरुंग झाला, तो १९५९ पर्यंत चालला. आता संग्रहालय आहे, आणि तिथे एका काचेमागे सांदोम्येशमधली माझी सगळ्यात आवडती वस्तू आहे.

बुद्धिबळाचा संच. १९६२ मध्ये सेंट जेम्सच्या टेकडीवर, म्हणजे त्या पहिल्या गावात, उत्खननात सापडला. शिंगापासून कोरलेला, अकराव्या-बाराव्या शतकातला, बत्तीसपैकी एकोणतीस मोहरे शाबूत. एवढा पूर्ण संच त्या काळातला फार दुर्मीळ. मोहरे एवढे लहान की राजासुद्धा अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठा वाटत नाही. चेहरे नाहीत, मुकुट नाहीत. नुसते गोटीवजा आकार, अरबी घाटाचे. मुलाला इथे कामाला लावा. खेळ आपल्याकडून इराणात, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात गेला. आपण ज्याला उंट म्हणतो, त्या घरात अरबी संचात हत्ती उभा असतो, आणि चेहरा काढायचा नसल्यानं त्याच्या डोक्यावर सुळ्यांच्या जागी दोन टोकं काढायची पद्धत होती. पुढे युरोपात या हत्तीला कुणी ओळखेना. इंग्रजांनी त्याचा धर्मगुरू केला, पोलिश लोकांनी ‘गोन्येत्स’ म्हणजे जासूद. आणि आपला कोपऱ्यातला हत्ती त्यांच्याकडे ‘व्येझा’, म्हणजे बुरूज. सहावीतल्या मुलाशी यावर वीस मिनिटं सहज जातात. एवढ्या वेळात तुम्ही खिडकीतून व्हिस्वा बघून घ्या.

किल्ल्यालगतच कॅथेड्रल. १३४९ च्या लिथुआनियन स्वारीत आधीचं चर्च गेल्यावर १३६० च्या सुमारास उभं राहायला लागलं. (रीतसर ‘कॅथेड्रल’ ते १८१८ मध्ये झालं, इथे बिशपची गादी आली तेव्हा.) आत शिरल्यावर सगळ्यांची नजर सोनेरी वेलबुट्टीकडे जाते. तुम्ही सरळ पुढे जाऊन वेदीभोवतालच्या भिंती बघा. पंधराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली भित्तिचित्रं आहेत, आणि शैली चक्क पूर्वेची: लांबट चेहरे, मोठे डोळे, ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या चित्रांसारखे उभे संत. कॅथलिक गॉथिक इमारतीत रुथेनियन, म्हणजे आजच्या युक्रेन-बेलारूसकडचे, चित्रकार कसे? कारण पैसे देणारा राजा व्वादिस्वाफ यागिएवो. हा मूळचा लिथुआनियाचा, आई त्वेरची ऑर्थोडॉक्स राजकन्या, लहानपण त्याच चित्रांच्या सावलीत गेलेलं. पोलंडच्या गादीसाठी त्यानं कॅथलिक पंथ घेतला, पण भिंती रंगवायची वेळ आली की आपली माणसं बोलावली. लुब्लिनच्या किल्ल्यातल्या चॅपेलमध्येही त्यानं हेच केलं. धर्म बदलला तरी माणसाची आवड कुठे बदलते!

आता कॅथेड्रलमधली नकोशी बाब. बाजूच्या भिंतींवर अठराव्या शतकातली मोठी चित्रं आहेत, चित्रकार कारोल द प्रेव्हो. त्यांतली बारा म्हणजे बारा महिने, आणि वर्षाच्या प्रत्येक दिवशी एका संताचा मृत्यू, तोही सविस्तर. कुणी उकळतोय, कुणाचं मुंडकं उडतंय. पोलिश पर्यटक आपापली जन्मतारीख शोधून हसतात. मुलाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याहून गंभीर चित्र मागच्या, पश्चिमेच्या भिंतीवर आहे: ज्यू लोक ख्रिस्ती मुलांना मारून रक्त काढतात, असं दाखवणारं. ही शुद्ध कंडी होती. पण तिच्या जोरावर सांदोम्येशमध्ये १६९८ मध्ये आणि नंतर १७१० पासून ज्यूंवर खटले चालले, माणसं हकनाक मेली. ते खटले पेटवणाऱ्या धर्मगुरूनंच, स्तेफान झुखोफ्स्कीनं, ही चित्रं करून घेतली. काही वर्षं चित्रावर पडदा होता. २०१४ पासून ते उघडं आहे आणि खाली पाटी आहे: असे खून ज्यूंनी कधी केले नाहीत. मी गटाला आधी पाटी वाचून दाखवते, मग मान वर करायला सांगते. चौकापासून जवळ अठराव्या शतकातलं सिनेगॉग आहे, त्यात आता सरकारी दप्तरखाना. ते वापरणारी माणसं १९४२–४३ मध्ये बेउझेत्स आणि त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावण्यांत पाठवली गेली. ‘सुंदर मध्ययुगीन गाव’ बघताना एवढं माहीत असावं.

कॅथेड्रलच्या बाहेर आलात की द्वुगोशचं घर. यान द्वुगोश हा पंधराव्या शतकातला पोलंडचा मोठा इतिहासकार, इथल्या चर्चशी संबंधित होता. १४७६ मध्ये त्यानं हे घर पुरोहितांसाठी बांधून दिलं. आत चर्चचं संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर बाहेरूनच बघा, मी रागावणार नाही.

थोडं पुढे तटबंदीतलं एक अरुंद, उभट दार लागेल. नाव ‘उखो इगिएल्ने’, शब्दशः ‘सुईचा कान’, म्हणजे आपलं सुईचं नेढं. राजगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या माणसाला हे नाव मी एकदाच सांगते, परत विसरत नाही. वेशीचे मोठे दरवाजे बंद झाले तरी साधूंना ये-जा करता यावी म्हणून तटात ठेवलेलं हे चोरदार.

मग चढून चौक, म्हणजे रिनेक. पहिली गोष्ट: तो उतरता आहे. नवख्या माणसाला वाटतं चौक म्हणजे सपाट. इथे पायाखाली टेकडी जाणवते. मधोमध टाऊन हॉल. खालचं अंग चौदाव्या शतकातलं, वरची कंगोरेदार भिंत सोळाव्या शतकातली आणि मनोरा सतराव्या शतकातला. ती वरची भिंत नुसती शोभेची नाही. तिच्यामागे छप्पर आत उतरतं केलेलं असायचं, म्हणजे शेजारी आग लागली तर ठिणग्या थेट छपरावर येऊ नयेत. पोलंडमध्ये ही पद्धत इतकी रुजली की तिला ‘पोलिश आत्तिका’ असंच नाव पडलं. टाऊन हॉलच्या भिंतीवरचं सूर्यघड्याळ मात्र विसाव्या शतकातलं. जुनं समजून सगळे त्याचाच फोटो काढतात.

इथे तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर देते. नाही, सांदोम्येश वॉर्सासारखं परत उभारलेलं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये सोव्हिएत फौज नदी ओलांडून आली तेव्हा आसपास घनघोर लढाई झाली, पण गाव बरंचसं वाचलं. कर्नल स्कोपेंको नावाच्या सोव्हिएत अधिकाऱ्यानं गाव बघून लढाई बाजूला वळवली, असं इथे सांगतात. माझ्या मते गाव टिकण्याचं मोठं कारण त्याआधीच्या जवळजवळ तीनशे वर्षांत आहे. स्वीडिश स्वारीनंतर व्यापार बसला. मग पोलंडची फाळणी झाली आणि १८१५ नंतर व्हिस्वा ही रशियन आणि ऑस्ट्रियन हद्दीमधली रेषा ठरली. ज्या नदीवर गाव श्रीमंत झालं, तिच्याच काठावर सरहद्दीचं मुकं ठाणं होऊन पडलं. पैसा नाही, कारखाने नाहीत, मग जुनं पाडून नवं बांधणार कोण? घरांचे दर्शनी भाग मात्र अनेकदा बदललेत. रंग बघून वय ठरवू नका. वीट उघडी असेल तिथे रांगा बघा. पोलंडमध्ये सर्वसाधारणपणे जुन्या कामात दोन लांब बाजू आणि एक आखूड अशी रांग दिसते, चौदाव्या शतकापासून एक लांब, एक आखूड. अपवाद असतात, पण मुलाला हा खेळ आवडेल.

आता भुयार. खरं तर भुयार नव्हे, जोडलेली तळघरं. तटबंदीच्या आत जागा तोकडी, म्हणून व्यापारी घराखाली खाली-खाली खणत गेले, धान्य, दारू, माल ठेवायला. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत ना, तोच विचार: माती योग्य असेल तर जमिनीसारखं कोठार नाही. आणि पेवांचं २००५ च्या पुरात जे झालं तेच इथे सावकाश झालं. व्यापार बसला, खालचे मजले विस्मरणात गेले, वर नळ आणि गटारं आली आणि ती गळायला लागली. पाणी लोएसमध्ये मुरलं. १९६० च्या दशकात रस्ते खचायला आणि घरांना भेगा पडायला लागल्या. मग क्राकूफच्या खाणकाम अकादमीचे प्राध्यापक फेलिक्स झालेफ्स्की यांच्या आखणीनुसार बितोमचे खाणकामगार आले. कोळशाच्या खाणीत काम केलेली माणसं चौकाखाली शिरली, पोकळ्या शोधल्या, काही भरून टाकल्या, काहींना काँक्रीट आणि विटांचा आधार दिला. त्यातलाच साधारण ४७० मीटरचा मार्ग १९७७ पासून लोकांसाठी खुला आहे. म्हणजे यादीतलं ‘मध्ययुगीन भुयार’ हे खाणकाम अभियांत्रिकीचं विसाव्या शतकातलं कामही आहे, आणि मला तरी ते तितकंच रंजक वाटतं. सर्वांत खोल भाग बारा मीटरच्या आसपास. पायऱ्या पुष्कळ, हवा गार. आईंना नका नेऊ. प्रवेश ओलेश्निच्की रस्त्यावरून आणि बाहेर पडायचं टाऊन हॉलपाशी, तेव्हा त्यांना चौकात चहापाशी बसवा, तुम्ही त्यांच्यासमोरच जमिनीतून वर याल.

आत गटागटानंच सोडतात. जुलैतल्या एका शनिवारी मी ‘जाऊ दुपारी निवांत’ म्हणत राहिले आणि माझा बावीस जणांचा गट दारातून परत आला. तेव्हा चौकात आल्याआल्या आधी तिकीट काढा, मग टाऊन हॉल बघा.

त्या तातारांचं काय? गोष्ट अशी सांगतात: हालिना नावाच्या मुलीनं, जिचे आप्त तातारांनी मारले होते, गुप्त वाट दाखवते म्हणून शत्रूला भुयारात नेलं आणि गावकऱ्यांनी मागून तोंड बुजवलं. सगळे गाडले गेले, तीही. वाटाडे ही गोष्ट छान रंगवतात, मीही सांगते. पण तुम्ही खरं-खोटं विचारलंय, तर आतापर्यंत बघितलेलं जुळवून बघा. तातार १२६० मध्ये आले. तेव्हाचं गाव सेंट जेम्सकडे. आजच्या चौकाची आखणी १२८६ नंतरची आणि ही तळघरं त्या चौकातल्या घरांखालची, म्हणजे त्याहूनही पुढची. तातारांना गाडायला ती होतीच कुठे? कत्तल खरी, दुःख खरं. भुयार नंतर त्याला जोडलं गेलं.

मार्गातून वर आलात की उरलं एकच, उत्तरेचा ओपातुफ दरवाजा. चार मुख्य वेशींपैकी हाच टिकला. साधारण तीस मीटर उंच, खालचं अंग चौदाव्या शतकातलं, माथ्यावरची झालर सोळाव्या शतकातली. वर चढता येतं, आणि इथेच शेवट करायचं कारण ते: सकाळपासून तुकड्यातुकड्यांनी बघितलेलं वरून एका नजरेत दिसतं. तिकडे सेंट जेम्स, तिकडे किल्ला, मागे नदी. बहुतेक गट इथून सुरुवात करतात, वर चढतात आणि लाल छपरं बघून उतरतात. वाटेत गॉस्तोम्स्कीनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली जेझुइट शाळा आणि टीव्हीवरच्या सायकलवाल्या डिटेक्टिव्ह पाद्र्याची दुकानं लागतील. पोलिश पर्यटकांची निम्मी गर्दी त्या मालिकेमुळेच असते. दोन्हींना वेळ नाही दिलात तरी चालेल.

वळिवड्याबद्दल. १९४३ ते १९४८ मध्ये तिथे साधारण पाच हजार पोलिश लोक राहिले, त्यांत बायका-मुलं जास्त. ते या भागातले नव्हते. युद्धाआधीच्या पोलंडच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातून, जो आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे, सोव्हिएत राजवटीनं १९४०–४१ मध्ये त्यांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं, तिथून ते इराणमार्गे भारतात आले. त्यामुळे आईंना सांदोम्येश ‘त्यांचं गाव’ म्हणून दाखवू नका. पण चौकात बसल्या असतील तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना ‘कोल्हापूर’ एवढंच म्हणून बघायला सांगा. माझ्या अनुभवात दोनदा समोरचीनं ‘वालिवादे’ असं उत्तर दिलंय, आणि मग चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

तर चाल अशी: टॅक्सीनं सेंट जेम्स, कोरडं असेल तर घळ, किल्ला, कॅथेड्रल, नेढं, चौकात आल्याआल्या भुयाराचं तिकीट, जेवण, भुयार, दरवाजा, बस. आणि त्या एकोणतीस मोहऱ्यांत दोन टोकांचा हत्ती मुलाला सापडला का, ते नक्की कळवा. तो शोधण्यात आजवर तीन मुलांनी मला मागे टाकलंय.